मार बक्तरचे अत्तर

पेटी रिकामी निघाली तेव्हा फख्रीने आधी तिच्या तळाशी पाहिले, मग झाकणाच्या आतल्या बाजूला पाहिले, आणि बापाने जेरुसलेमहून आणलेली वस्तू असा दगा देईल यावर मन बसेना म्हणून शेवटी ती उलटी करून सतरंजीवर झटकली. दोन लवंगा पडल्या. त्यातली एक घरंगळत खिडकीपाशी बसलेल्या रिफ्काच्या पायाशी येऊन थांबली. रिफ्काने ती उचलली नाही. मांडीवरच्या ताटात ती मसूर निवडत होती, आणि दुपारपासून निवडून झालेलीच मसूर पुन्हा पुन्हा निवडत होती.

बाहेर खमसीन सुटला होता. वाळवंटाकडून येणाऱ्या त्या पिवळ्या वाऱ्यात इजिप्तमधल्या नज़लत हबीब गावाची घरे, खजुरांची झाडे आणि चर्चचा घुमट कुणीतरी विसरून टाकलेल्या पितळी भांड्यांसारखे मळके दिसत होते. सूर्य होता, पण असून नसल्यासारखा.

"ताई," फख्री म्हणाला, "हनूत कुठे आहे?"

चंदन, हिराबोळ, जटामांसी, वाळलेल्या गुलाबकळ्या आणि लवंगा कुटून केलेली ती पूड. शहीद संत मार बक्तरच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या अस्थी ठेवलेले लाकडी नळकांडे वेदीसमोर आणायचे, जुनी मखमल सोडवायची, अत्तरात कालवलेले हनूत त्याला चोळायचे, आणि नवी लाल मखमल चढवायची. उरलेले चिमूटचिमूट लोकांना वाटायचे. हा मान तीन पिढ्या याच घराचा होता. कुटायचे रिफ्काने, न्यायचे फख्रीने. इतकी वर्षे खलबत्ता चालवून रिफ्काच्या खांद्याला जो बाक आला होता, त्याला कुणी काही नाव दिले नव्हते. पेटी दोन्ही हातांवर धरून चर्चच्या दारात शिरताना तिच्या धाकट्या भावाच्या मानेत जो ताठा येई, त्याला मात्र गावात भक्ती म्हणत, आणि त्याला स्वतःला मानाने 'मुकद्दिस'.

रिफ्काने तोंड उघडले. पण तिच्याआधी फख्रीची नजर आपल्या मुलाकडे वळली होती, आणि तिथेच खिळली.

लमई फार्मसीतून नुकताच आला होता. तो चर्चच्या मदत समितीचा सचिव होता. गरिबांना तिथे 'प्रभूचे भाऊ' म्हणत. हे नाव इतके थोर होते की ते उच्चारल्यावर भाकरी देण्याची घाई कुणाला उरत नसे. दरवर्षी ईस्टर उलटला की बापलेकांत शुभवर्तमानातल्या, येशूवर महागडे अत्तर ओतणाऱ्या त्या बाईवरून जुंपे. एवढ्या चंदनात किती घोंगड्या आल्या असत्या, हे लमई विचारी. येशूच्या शिष्यांपैकी हाच प्रश्न कुणी विचारला होता आणि पुढे त्याने येशूला कसे विकले, याची फख्री आठवण करून देई. एकदा लमई म्हणाला होता की बाबा, मला यहूदा म्हणायचंच असेल तर निदान त्याच्याकडे असे तशी पैशाची थैली तरी माझ्याकडे द्या.

"गरीब कुठे पळून जात नाहीत," हे फख्रीचे ठरलेले वाक्य. डासांविषयी बोलावे तशा सुरात तो ते म्हणे.

आज त्याचा आवाज चढला नाही. कुणाला विकलंस, एवढेच त्याने मुलाला विचारले. लमईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाबा, मी हात लावलेला नाही."

"तीन वर्षं तू दुसरं काही बोलला नाहीस."

"बोललो. मी फक्त बोलतो. तुम्हाला माहीत आहे ते."

"अगदी खरं आहे," नर्गिस मुलाच्या मदतीला धावली. "माझ्या पोराने लहानपणापासून नुसतं बोलण्याखेरीज काही केलेलं नाही. उगाच त्याच्यावर आळ घेऊ नका."

लमईने आईकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात कृतज्ञता फारशी नव्हती.

रिफ्का मसुरीत बोटे फिरवत राहिली. भाच्यावर आळ येतो आहे आणि आपण गप्प आहोत, हे तिला कळत होते. पण तोंड उघडले की काय काय सांगावे लागेल, याचा विचार करताना तिचे मन परत परत कालच्या त्या झोपडीच्या दाराशी जाऊन उभे राहत होते.

बिशाय गावातल्या संडासांच्या टाक्या उपसायचा. गाव जे जे विसरू पाहत होते त्या सगळ्याचा वास त्याच्या अंगाला येई, आणि तो वास स्वतःला येऊ नये म्हणून तो खजुराची दारू पिई. कालव्याकाठच्या बोरूच्या झोपडीत तो मरून पडला, तेव्हा त्याची मुलगी शफीका मावशीच्या गावी होती. ती परतली तोवर खमसीनने आपले काम उरकले होते. प्रेताला आंघोळ घालायला माणसे आली, दारापर्यंत पोचली, आणि बाहीत नाक खुपसून प्रत्येकाला काही ना काही आठवले. एकाची म्हैस विणार होती. एकाचा उपास होता, जरी ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत चर्चने उपासाला मनाई केलेली आहे. शफीका फार्मसीत गेली, तर लमईने तिचे मनापासून सांत्वन केले, साबणाची एक वडी दिली, आणि बाकीचे गुरुवारच्या बैठकीत मांडतो म्हणाला.

मग ती मागच्या जिन्याने गच्चीवर आली. रिफ्काची खोली तिथेच होती, कबुतरांच्या खुराड्याला लागून. थोडं कोलोन असेल तर द्या आत्या, एवढेच ती म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर रिफ्काने कदाचित कोलोनच दिले असते.

पेटी तिने न्यायचे ठरवले ते एका चिमटीसाठी. चिमूट पुरली नाही. मग मूठ. शफीका पाणी ओतत होती आणि रिफ्का त्या फुगलेल्या, काळवंडलेल्या देहावरून हात फिरवत होती. मनगटावरचा मळ निघाला तेव्हा खाली निळा क्रूस दिसला, तिच्या स्वतःच्या मनगटावर होता तसाच, एक बाहू जरा आखूड. एकाच जत्रेत, एकाच सुईवाल्याने, रडू नको म्हणून हातात खारे शेंगदाणे देऊन गोंदलेला. एखादी गोष्ट मायेने कशी पुसायची हे रिफ्काने आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिले होते: वेदीसमोर, त्या लाकडी नळकांड्यावर. दुसरी रीत तिला ठाऊक नव्हती. म्हणून तिने तशीच पुसली. आधी चंदन, मग हिराबोळ, मग अत्तराची धार, आणि ओठांवर ते स्तोत्र, जे बायकांनी मोठ्याने म्हणायचे नसते. शेवटी पेटीत काही उरले आहे का, हे तिने पाहिलेसुद्धा नाही.

आणि मग दुपारी चर्चमध्ये ते घडले.

शवपेटी आत आली तशी आधी पुढच्या बाकांवरची कुजबुज थांबली, मग मागची. ज्यांनी रुमाल नाकाला लावून ठेवले होते त्यांनी ते हळूहळू खाली घेतले. स्तोत्र म्हणणाऱ्यांच्या रांगेतला फख्री मधल्याच ओळीवर अडखळला. त्याने शवपेटीवर झुकून श्वास घेतला आणि सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा भिजला होता.

"हा मार बक्तरचा सुगंध आहे," तो म्हणाला. "माझ्याइतका हा कुणी ओळखत नाही. शहीद स्वतः याला न्यायला आलाय."

त्यानंतर कुणी कुणाला आवरायचे. बायकांनी शवपेटीवरच्या कापडाचे धागे ओढून पदरात बांधले. ज्या माणसाला कालपर्यंत कुणी उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते, त्याला खांदा द्यायला रेटारेटी झाली. संध्याकाळपर्यंत बिशायने पहिला चमत्कारही केला: शिंप्याची वर्षभर तुंबलेली टाकी आपोआप वाहू लागली.

काल रात्रीच रिफ्का भावाला सांगणार होती. पण जेवताना तो मध्येच हात थांबवून, स्वतःशीच, लहान मुलासारखा हसला. तसा तो आई गेल्यापासून हसला नव्हता. तिने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला आणि ती गच्चीवर निघून गेली.

आता नर्गिस खोलीच्या मध्यभागी उभी राहून नाक वर करून हुंगत होती. ती रिफ्काकडे आली आणि बाजारात खरबूज पारखावे तसा तिचा हात उचलून नाकाशी नेला.

"वन्सं," ती म्हणाली.

"मीच घेतलं," रिफ्का म्हणाली. "लमईला सोडा. बिशायला लावलं."

फख्रीला ते एकदम कळले नाही. कळण्याचा तो प्रवास त्याच्या चेहऱ्यावरून होताना सगळ्यांना दिसला. शवपेटीपर्यंत जाऊन, तिथे झुकून, परत आलेला.

"सगळं?" त्याने विचारले.

"त्याला सगळंच लागलं."

"मोरी उपसणाऱ्याला."

"वास मारत होता रे."

"तो नेहमीच मारायचा."

"काल जास्त मारत होता. तू जवळ गेलास तो मी लावल्यानंतर."

लमईच्या तोंडून एक आवाज निघाला, जो त्याने खोकला म्हणून खपवला. मग तो खुर्चीवरून उठलाच. आत्याने जे केलं तेच खरं शुभवर्तमान आहे, जिवंत भक्ती म्हणजे हीच, हे गुरुवारी समितीपुढे मांडलं पाहिजे, असे त्याने सुरू केले. हातवारेही सुरू झाले. रिफ्काने ताट खाली ठेवले.

"तू बस. पाणी ओतायला आला होतास का?"

लमई बसला.

"संताचं होतं ते," फख्री हळूच म्हणाला. "बाबांनी नवस केला होता. मार बक्तरचं होतं ते, ताई."

"संत थांबू शकला असता. सोळाशे वर्षं थांबलाय. बिशायला तेवढा वेळ नव्हता."

फख्रीने दोन लवंगांपैकी जवळची उचलली, पेटीत ठेवली आणि झाकण लावले. तो ओरडला असता तर रिफ्काला बरे वाटले असते. ओरडणारा फख्री तिने लहानपणापासून हाताळला होता. पण तो शांतपणे म्हणाला की सण झाला की तू मिन्याला जा, चुलतभावाकडे. मी तुला बघू शकणार नाही. काल सगळ्या गावासमोर मी रडलो.

मिन्याच्या त्या घरात फ्रिजमागच्या बोळकांडीत एक खाट होती. रिफ्काने ती पाहिली होती. नवरा गेल्यावर याच भावाने तिला गच्चीवरची खोली दिली होती. खोली लहान होती, पण तिला आकाश होते, आणि पहाटे कबुतरांचे ते घुमणे होते, जे ऐकताना माणसाला आपण अजून कुणाला तरी हवे आहोत असा भास होतो. प्रभूचे भाऊ चर्चच्या ओसरीवर बसत. प्रभूची ही एक बहीण गच्चीवर राहत होती, एवढाच काय तो फरक. आजवर तो तिने मोजला नव्हता. ती उठली, वर गेली, आणि एका चादरीत मावेल तेवढे बांधून गाठोडे जिन्याच्या पायथ्याशी आणून ठेवले. मावले सगळेच.

संध्याप्रार्थनेची पहिली घंटा झाली.

"आणि आता काय नेणार?" नर्गिसने विचारले. तिला नणंदेचा राग होताच, पण तो राग तिने उद्यावर टाकला, कारण त्याच्याआधी रांगेत गावातल्या श्रीमंत कुल्ताची बायको उभी होती. कुल्तांनी कैरोहून अत्तराची बाटली आणून ठेवल्याला वर्षे लोटली होती. फख्रीच्या घरचे हनूत कधी चुकते याची ती बाई बाटलीला उजेड दाखवत वाट पाहत असे. "ती बया आज वेदीसमोर मिरवली, तर मी जिवंतपणी त्या नळकांड्यात जाऊन बसेन. वन्सं, खलबत्ता घ्या."

स्वयंपाकघरात नर्गिसने फळीवरचे सगळे डबे खाली उतरवले. दालचिनी, वेलदोडे, धणे, तमालपत्र, सारात घालायची मस्तकी. फख्री दारात उभा राहून म्हणाला की हे पाप आहे. मग जरा वेळाने म्हणाला की जिरे नको, जिरे लगेच ओळखू येतील. मग आत येऊन त्याने जायफळ किसायला घेतले. लमईने फार्मसीतून गुलाबपाणी आणि कापूर आणला. लग्नानंतर प्रथमच आपण सगळे एकाच कामात आहोत, हे नर्गिसने बोलून दाखवले आणि कुणी हसले नाही. रिफ्का कुटत होती. तिच्या कुटण्याला तालच असा होता की त्या तालात सुगंध आणि मसाला यांत फरक करणे हे दुसऱ्या कुणाचे तरी काम वाटावे.

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कालच्या बातमीने आसपासच्या वाड्यांतले लोक आले होते. पुढे, जिथे एरवी कुल्ता आणि त्यांच्यासारखी मंडळी बसत, तिथे आज ओसरीवरचे सगळे येऊन बसले होते. लंगडे, आंधळे, विधवा. आपल्यातलाच एक वर पोचला आहे म्हटल्यावर त्यांना मागे बसवायला कुणी धजले नव्हते. शफीका खांबाला टेकून उभी होती. रिफ्का बायकांच्या बाजूला, दाराजवळ थांबली.

धर्मगुरू अबूना मीसाईलनी जुनी मखमल सोडवली. फख्रीने पेटी पुढे केली. अबूनांनी मूठ भरली, आणि ती नळकांड्यावर नेता नेता त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी फख्रीकडे पाहिले. फख्री घुमटाकडे पाहत होता. अबूना म्हातारे होते. पन्नास वर्षे कबुलीजबाब ऐकून त्यांना कळले होते की काही गोष्टी तिथेच विचारू नयेत. त्यांनी चोळायला सुरुवात केली.

वास पसरला. धुपाच्या धुरातून, मेणबत्त्यांच्या उष्म्यातून तो बाकाबाकावर गेला, आणि सणाच्या दिवशी दुपारी, मोठ्या घरांच्या मागच्या दाराशी उभे राहिल्यावर जसा येतो तसाच तो होता. रटरटणाऱ्या साराचा. स्तोत्र म्हणणाऱ्यांचे आवाज एकेक करून बारीक झाले. कुल्ताच्या बायकोने मान वळवून नर्गिसकडे पाहिले, आणि नर्गिसने डोळे मिटून घेतले, भक्तीने.

रिफ्काला वाटले की आता संपले. फख्रीची मान, ती ताठ मान, तिच्या डोळ्यांदेखत आत चालली होती.

पहिला पुढे आला तो आंधळा वनीस. त्याने चाचपडत नळकांड्यावर ओठ टेकले, तिथेच थांबला, आणि एक खोल, सावकाश श्वास घेतला. भूक लागलेल्या माणसाचे नाक खोटे बोलत नाही, आणि वनीसला खालच्या आवाजात बोलता येत नसे.

"मार बक्तर काल आपलं अत्तर बिशायला देऊन बसलाय," तो म्हणाला. "आज स्वतः चुलीपाशी जाऊन आलाय. मग पंगत कुठे आहे, मुकद्दिस फख्री? तुमच्याच घरी ना?"

मग मागून कुणीतरी हसले, आणि ते हसू बाकांवरून पुढे येत असतानाच वाटेत त्याचे दुसरे काहीतरी झाले. बायका क्रूसाची खूण करू लागल्या. अत्तर देऊन टाकलं, अत्तर देऊन टाकलं, असे तोंडोतोंडी गेले. रिफ्काने ऐकले. लोक जे बोलत होते ते सगळेच्या सगळे खरे होते, फक्त त्यातून तिचे नाव कुणीतरी अलगद काढून घेतले होते. अबूनांनी दाढीतल्या दाढीत आमेन म्हटले. फख्रीच्या हातात रिकामी झालेली पेटी होती आणि त्याच्यासमोर ओसरीवरचे सगळे गाव उभे होते. त्याने मान हलवली.

ते सगळे घरापर्यंत आले. उद्या पाहुण्यांसाठी म्हणून भरून ठेवलेली कबुतरे, बदके, भाताची पातेली नर्गिसने एकेक करून बाहेर काढली. प्रत्येक पातेल्याबरोबर तिने मार बक्तरला एकेक गोष्ट सुनावली, आणि ती त्याने ऐकून घेतली असावी, कारण भात पुरला. लमई ताटे वाढत होता. गुरुवारची बैठक आज, इथेच, कोणताही ठराव न मांडता पार पडत आहे, हे त्याच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे. त्याच्या शर्टावर सार सांडले होते आणि तो प्रथमच गप्प होता.

रिफ्का अंगणाच्या कडेला कांदे चिरत बसली. जिन्याच्या पायथ्याशी ते गाठोडे तसेच होते. फख्री परातीतून भाकऱ्या नेताना दर खेपेला त्याला वळसा घालून जात होता. त्याकडे पाहत नव्हता, आणि कुणाला ते उचलूही देत नव्हता. नर्गिसने एकदा ते पायाने सरकवू पाहिले तर तो खेकसला. परवा सकाळची मिन्याची बस रिफ्काच्या मनात केव्हाच सुटून गेली होती. खिडकीपाशी बसलेली ती स्वतःलाच दिसत होती, आणि मागे पडत चाललेल्या गच्चीवरून कबुतरे उडताना.

तिने वनीसच्या हातात भाकरी दिली. त्याने भाकरीसकट तिचे मनगट धरले, त्या निळ्या क्रूसावर अंगठा ठेवला, आणि तिची बोटे नाकाशी नेली. कांद्याच्या खाली, नखांच्या आत, कालचे ते होतेच. चंदन, हिराबोळ, जटामांसी. बराच वेळ त्याने हात सोडला नाही.

"हं," तो म्हणाला. आणि प्रथमच खालच्या आवाजात: "माझ्या वेळेला थोडं शिल्लक ठेव हो."

माझ्या हातात ते नाही, असे रिफ्का म्हणणार होती.

शेजारी परात रिकामी करत असलेला फख्री थांबला. त्याने वनीसकडे पाहिले, मग बहिणीच्या खांद्याच्या त्या बाकाकडे पाहिले, जणू तो आजच कुणीतरी तिथे आणून ठेवला होता. परात काखेला लावून तो पुन्हा चुलीकडे निघाला, आणि जाता जाता, तिच्याकडे न बघता, म्हणाला:

"ताई, पुढच्या वर्षी जरा जास्त कूट."